आखेनमधून वीकेंडला युरोप: पाच जण, दोन दिवस आणि मोजकं बजेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्रमैत्रिणी ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या आखेनला मास्टर्स करताहेत. शनिवार-रविवार मोकळे असतात. दोघं पक्के शाकाहारी आहेत, एकीचं रेसिडेन्स कार्ड अजून हातात आलेलं नाही, आणि महिन्याला माणशी शंभर-सव्वाशे युरोच्या वर खर्च जमणार नाही. पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, रोम आणि बार्सिलोना अशी यादी तयार आहे. सुरुवात कुठून करायची?

मी आखेनलाच शिकले, आता कोलोनला नोकरी करते, आणि आमच्या ग्रुपच्या ट्रिपा ठरवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच आहे. माझं पहिलं सांगणं: यादी बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. तुमच्या गावाला दोन देशांच्या सीमा खेटून आहेत. शहराच्या कडेला डोंगरावर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एकत्र येतात तो बिंदू आहे. ३२२ मीटर उंचीची ती टेकडी नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण आहे. बर्लिनमध्ये किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्याला एका दिवसात इतक्या सहज तीन देश बघता येत नाहीत. ही तुमची खरी श्रीमंती आहे, आणि बार्सिलोनाच्या स्वस्त विमान तिकिटाच्या नादात बहुतेक विद्यार्थी ती वापरतच नाहीत.

अंतर किलोमीटरमध्ये किंवा तिकिटावरच्या तासांमध्ये मोजू नका. खोलीच्या दारापासून हॉस्टेलच्या दारापर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. बार्सिलोनाचं विमान दोन-सव्वादोन तासांचं असतं, पण आखेनहून विमानतळ गाठायचा, दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर शहरात यायचं, हे धरलं तर एका बाजूचे सहा-सात तास जातात. स्वस्त विमानं बऱ्याचदा आडबाजूच्या विमानतळांवर उतरतात. ‘ब्रसेल्स साउथ’ म्हणून विकलं जाणारं शार्लरुआ ब्रसेल्सपासून पन्नासहून जास्त किलोमीटर आहे, पॅरिसच्या नावावरचं बोव्हे ऐंशीच्या पुढे आणि मिलानच्या नावावरचं बेर्गामो पन्नासच्या आसपास. तिथून शहरात येणाऱ्या बसचं भाडं कधीकधी विमानाच्या तिकिटाएवढं असतं. शनिवारी सकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत झोप वगळून तुमच्याकडे जेमतेम चोवीस-पंचवीस जागे तास असतात. त्यातले तेरा-चौदा प्रवासात घालवून ट्रिप केली म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

आमचा नियम साधा आहे. एका रात्रीची ट्रिप असेल तर एका बाजूला तीन तास, फार तर साडेतीन. दोन रात्री असतील, म्हणजे शुक्रवारी दुपारी निघता येत असेल, तर पाच तास. त्यापुढचं सगळं सुट्टीला जोडून किंवा सेमिस्टर ब्रेकमध्ये. या नियमात तुमच्या यादीतलं ॲमस्टरडॅम आणि पॅरिस बसतं. प्राग, रोम आणि बार्सिलोना सध्या थांबू देत.

आता कागदपत्रं, कारण एकीचं कार्ड आलेलं नाही आणि याबाबत ग्रुपमध्ये सर्वांत जास्त ऐकीव माहिती फिरते. जर्मनीचा वैध राष्ट्रीय व्हिसा म्हणजे डी व्हिसा, किंवा रेसिडेन्स कार्ड, यावर शेंगेनमधल्या, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या करण्याचा करार केलेल्या, इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. कार्ड आलेलं नसलं तरी पासपोर्टवरचा डी व्हिसा संपलेला नसेल तर ती बिनधास्त येऊ शकते. तारीख मात्र सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. व्हिसा संपला असेल आणि परदेशी नागरिक कार्यालयाने दिलेला तात्पुरता कागद, म्हणजे फिक्सिऑन्सबेशायनिगुंग, एवढंच हातात असेल, तर कार्यालयाकडून लेखी विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. तो कागद जर्मनीत राहायला पुरतो. दुसऱ्या देशात फिरायला तो चालेलच असं नाही. आखेनमध्ये सीमा दिसत नाही, सिटी बस सरळ डच गावात जाते, पण कायद्याच्या दृष्टीने ती सीमाच आहे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. रेल्वेत आणि बसमध्ये पोलीस चढतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही, मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड दोन्ही खिशात हवं.

तिचं कार्ड येईपर्यंत तिला घरी ठेवून तुम्ही चौघं बाहेर जाऊ नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या सेमिस्टरमध्ये घराची आठवण सर्वांत जास्त येते आणि शनिवारी रिकाम्या वसतिगृहात एकटं राहणं फार जड जातं. जर्मनीतच इतकं आहे की दोन-तीन महिने सीमा ओलांडायची गरज पडणार नाही. फक्त व्हेनबानच्या सायकल मार्गाचा बेत तेवढा पुढे ढकला. आखेनपासून लक्झेंबर्गच्या त्रोआव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटरचा तो जुना रेल्वेमार्ग आहे, चढ अगदी सौम्य, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या तहामुळे त्या मार्गाची जमीन जर्मन गावांमधून जातानाही बेल्जियमची आहे. एप्रिल-मे महिन्यात पाच जणांनी सायकलवर करावी अशी याहून चांगली गोष्ट तुमच्या गावाजवळ नाही.

तुमच्या सेमिस्टर फीमध्ये डॉइशलँड-सेमेस्टरटिकीट आहे. बाहेरच्या माणसाला हेच तिकीट २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला पडतं, तुम्हाला बरंच स्वस्त मिळतं. त्यावर जर्मनीभर आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे लोकल, ट्राम, बस सगळं चालतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. काही ठिकाणी ते सीमेपलीकडच्या पहिल्या स्टेशनापर्यंतही जातं: ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग, स्वित्झर्लंडमधलं बाझेल बाडिशर बानहोफ, नेदरलँड्समधलं व्हेनलो. फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग बघायचं असेल तर जर्मन बाजूच्या केलपर्यंत याच तिकिटावर जायचं आणि तिथून स्ट्रासबुर्गची ट्राम पकडायची. ऱ्हाइनवरच्या पुलावरून चालत गेलात तरी चालतं. आखेनहून ते लांब आहे, पण पुढे कुणी कार्ल्सरूह किंवा फ्रायबुर्गला इंटर्नशिपला गेलं की उपयोगी पडेल.

या तिकिटावरची माझी सर्वांत आवडती दिशा मोझेल नदीची. आखेनहून कोलोन, तिथून ऱ्हाइनच्या काठाने कोब्लेन्झ, आणि कोब्लेन्झपासून मोझेलच्या काठाने कोखेम. साडेतीन तास लागतात, पण त्यातला निम्मा वेळ खिडकीबाहेर नदी, द्राक्षमळे आणि किल्ले असतात, त्यामुळे तो प्रवास म्हणून मोजावासा वाटत नाही. गाडीत डाव्या बाजूला बसा, कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाइन त्याच बाजूला राहते. कोखेमच्या अलीकडे मोझेलकेर्न नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे उतरून ओढ्याच्या काठाने दीड तास रानातून चाललं की एल्ट्स किल्ला समोर येतो. साडेआठशे वर्षांहून जास्त काळ तो एकाच घराण्याकडे आहे आणि लढायांमध्ये उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून आतलं सामानसुमानही जुनंच बघायला मिळतं. आपल्याकडे गड चढून वर गेलं की भग्न तटबंदी आणि पडका वाडा दिसतो. इथे स्वयंपाकघरासकट नांदता किल्ला दिसतो. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला हा फरक आतून जाणवतो. आतून बघता येतो तो एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच, हे लक्षात ठेवा.

मोझेलवरच पुढे ट्रिअर. काळ्या पडलेल्या दगडांची रोमन वेस, पोर्टा निग्रा, भर शहरात उभी आहे. कार्ल मार्क्स याच गावात १८१८ मध्ये जन्मला. ट्रिअरला मुक्काम करा, कारण लक्झेंबर्गपेक्षा तिथे खोल्या पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास मिनिटांत लक्झेंबर्ग गाठा. लक्झेंबर्गने २०२० पासून दुसऱ्या वर्गाची रेल्वे, बस आणि ट्राम सगळ्यांना मोफत केली आहे. तुमचं तिकीट सीमेवरच्या वासरबिलिगपर्यंत चालतं आणि पुढे तिकीट लागतच नाही. म्हणजे आखेनच्या खोलीपासून लक्झेंबर्गच्या जुन्या किल्लेबंदीपर्यंत प्रवासखर्च शून्य. वेळ उरला तर ट्रिअरहून पेर्लची छोटी गाडी पकडा. पेर्ल जर्मनीत आहे, मोझेलवरचा पूल ओलांडला की पलीकडचं गाव शेंगेन. १४ जून १९८५ ला तिथे नदीत उभ्या असलेल्या जहाजावर सीमा खुल्या करण्याचा तो करार झाला. ज्या शब्दासाठी आपण मुंबईत व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसच्या रांगेत फायली घेऊन उभे राहतो, ते प्रत्यक्षात द्राक्षमळ्यांमधलं चिमुकलं खेडं आहे. मला ते बघून फार बरं वाटलं होतं.

बेल्जियमला जाताना बहुतेक जण आखेनहून थेट आयसीई किंवा युरोस्टारचं तिकीट बघतात. सव्वा तासात ब्रसेल्स, हे खरं. महिनाभर आधी मिळालं तर घ्या. पण पाच जणांचं ऐन वेळी ठरलं असेल तर वेगळी वाट आहे. आखेनहून स्पाकडे जाणारी आरई २९ ही छोटी गाडी पकडून बेल्जियममधल्या वेल्केनराटला उतरायचं. ऑयपेनहून समुद्रकिनाऱ्यावरच्या ओस्टेंडपर्यंत जाणारी बेल्जियन आयसी गाडी तिथून मिळते. ती एकच गाडी लिएज, लुवेन, ब्रसेल्स, गेंट आणि ब्रुज अशी सगळी गावं घेत जाते. बेल्जियमच्या देशांतर्गत गाड्यांना आरक्षण नसतं, आणि तिकीट ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. एक गाडी चुकली तर पुढचीत बसायचं. पाच जणांपैकी कुणीतरी एक नेहमी कॉफी घ्यायला मागे राहतो, अशा ग्रुपला ही सोय फार मोलाची आहे. तुम्ही सगळे २६ च्या आत असाल तर तरुणांचा सवलतीचा दर आवर्जून बघा.

वाटेत लिएजला एक तास उतरा. वास्तुविशारद सांतियागो कालात्राव्हाने बांधलेलं आणि २००९ मध्ये उघडलेलं ते स्टेशनच बघण्यासारखं आहे. गावात ३७४ पायऱ्यांचा सरळ जिना आहे, बुएरेनचा. वर पोचलं की म्यूझ नदी आणि सगळं गाव दिसतं.

मुक्कामाला गेंट घ्या. ब्रुज सुंदर आहे, पण शनिवारी तिथे पर्यटकांची रीघ असते आणि संध्याकाळी ते सारे परत गेले की गाव सुनं पडतं. गेंट विद्यार्थ्यांचं गाव असल्यामुळे रात्री नदीकाठी जिवंत असतं आणि खाणंही आवाक्यात मिळतं. सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हान आइक बंधूंचं १४३२ मधलं मोठं वेदीचित्र आहे. त्याचा एक तुकडा १९३४ मध्ये चोरीला गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. त्याच्या जागी प्रतिकृती लावली आहे. तिकिटाची वेळ आधी घ्या आणि त्या चित्रासमोर निवांत बसा. चित्रकलेतलं काही कळत नसलं तरी त्यातल्या गवताचं एकेक पातं वेगळं दिसतं, तेवढ्याने माणूस थांबतो. रविवारी सकाळी अर्ध्या तासावर ब्रुज करून परतीची गाडी धरता येते.

शाकाहाऱ्यांसाठीही गेंट उत्तम. २००९ पासून त्या शहराने गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून चालवला आहे, आणि त्यामुळे इतर दिवशीही तिथल्या साध्या हॉटेलांत शाकाहारी पदार्थ सहज मिळतात. दुसरं गाव अँटवर्प. हिऱ्यांच्या व्यापारात पालनपूरच्या जैन कुटुंबांचा मोठा वाटा आहे, शहराच्या विल्राइक भागात त्यांनी बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे, आणि स्टेशनजवळच्या हिरे बाजाराच्या परिसरात पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. नेदरलँड्समध्ये, विशेषतः हेगमध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची रोटीची दुकानं आहेत. बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी घातलेली रोटी मागा. अंडं घालतात का ते विचारून घ्या. थंडीत दमून आल्यावर ती रोटी समोर आली की जीवात जीव येतो.

पक्क्या शाकाहाऱ्यांनी तीन गोष्टी माहीत करून घ्या. बेल्जियममधले फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. डच मटारचं घट्ट सूप हिरवं दिसतं, पण त्यात डुकराचं मांस असतं. आणि चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते विरजण, असू शकतं. जर्मन दुकानातल्या पाकिटावर ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिलेलं असेल तर ते रेनेट प्राणिज नाही. पार्मेझान मात्र नेहमी प्राणिज रेनेटचंच असतं, त्यामुळे पास्त्यावर ते भुरभुरू नका म्हणून आधीच सांगायचं.

शनिवारचं दुपारचं जेवण घरून न्या, हा आमचा जुना रिवाज. शुक्रवारी रात्री सगळ्यांनी मिळून दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या करायच्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. माणशी दहा-बारा युरो वाचतात. शिवाय भुकेल्या पोटी अनोळखी गावात हॉटेल शोधत फिरताना होणारी भांडणं टळतात. हॉस्टेल निवडताना स्वयंपाकघर आहे का ते बघा. रात्री मुगाची खिचडी टाकली की दोघं शाकाहारी आणि बाकीचे तिघं एकाच टेबलावर बसतात. फोडणी मात्र मंद आचेवर. लाल मिरची आणि मोहरीच्या धुराने स्मोक अलार्म वाजतो, आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात, हे परतताना आठवा.

नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट हा तुमचा अर्ध्या दिवसाचा फेरफटका. ३५० नंबरची बस आखेनहून थेट जाते. तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये थाटलेलं तिथलं पुस्तकांचं दुकान चुकवू नका, आणि जिथे १९९२ मध्ये युरोपीय संघाचा करार झाला ते गाव हेच. शनिवार-रविवारी युरेजिओ तिकिटावर दोन प्रौढांना दिवसभर आखेन, मास्ट्रिख्ट, लिएज या पट्ट्यात फिरता येतं, त्यामुळे पाच जणांना तीन तिकिटं पुरतात. ॲमस्टरडॅमला जाल तेव्हा मुक्काम उट्रेख्ट किंवा हार्लेमला करा. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर २०२४ पासून साडेबारा टक्के पर्यटन कर आहे आणि शनिवारचे दर मुळातच चढे असतात. उट्रेख्टहून अर्ध्या तासात ॲमस्टरडॅम. ॲन फ्रँक यांच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि बघता बघता संपतात. ट्रिपची तारीख त्यावरून ठरवा. डच रेल्वेत बँक कार्ड टेकवून जाता येतं, पण प्रत्येकाने स्वतःचं कार्ड टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं.

पॅरिस वर्षातून एकदाच, पण नीट करा. आखेनहून युरोस्टारने पावणेतीन तासांच्या आसपास. दोन-तीन महिने आधी घेतलं तर परवडतं, नाहीतर रात्रीची बस. पॅरिसबाबत बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या तरुणांना लूव्र संग्रहालय मोफत आहे. नागरिकत्व भारतीय असलं तरी जर्मन रेसिडेन्स कार्ड दाखवलं की झालं. याच लूव्रमध्ये युरोपबाहेरून आलेल्या पर्यटकाला २०२६ पासून ३२ युरो मोजावे लागतात. ऑर्से संग्रहालय, व्हर्सायचा राजवाडा, सेंट-शापेल चर्च आणि आर्क द त्रिओंफ ही कमान इथेही तरुणांना अशीच सवलत आहे. लूव्रची वेळ मोफत असली तरी आधी बुक करावी लागते. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी. म्हणजे २६ व्या वाढदिवसाच्या आत पॅरिस उरका, पाच जणांची मिळून शे-दोनशे युरोंची बचत आहे.

रेल्वेच्या तिकिटात एक बारीक गोष्ट फार महाग पडते. आखेन ते कोलोन सेमेस्टरटिकिटावर जायचं आणि कोलोनपासून पुढच्या आयसीईचं स्वस्त झुपर श्पारप्राइस तिकीट काढायचं, हे हुशारीचं वाटतं. पण ही दोन वेगळी तिकिटं आहेत. आरईला उशीर झाला आणि आयसीई चुकली, तर जबाबदारी तुमची. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. तेच तिकीट थेट आखेनपासून काढलं तर, उशिरामुळे जोडगाडी चुकणार हे दिसताच गाडीचं बंधन सुटतं आणि पुढच्या गाडीने जाता येतं. बऱ्याचदा दोन्हींच्या किमतीत फरक नसतो किंवा अगदी थोडा असतो. एक तास उशिराला २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के भाडं परत मागता येतं, तेही मागा. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपर्यंतचा उशीर तिथे वेळेवरच धरतात. म्हणून रविवारी शेवटच्या गाडीने परतायचा बेत कधी करू नका. त्यामागे आणखी एक गाडी असलीच पाहिजे.

आरोग्य विमा सार्वजनिक असेल तर तुमच्या विमा कार्डाच्या मागची बाजू हेच युरोपीय आरोग्य कार्ड असतं आणि बाकीच्या युरोपीय संघातही ते चालतं, भारतीय नागरिकांना फक्त डेन्मार्कमध्ये नाही. भारतात परत आणणं किंवा डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवणं त्यात नसतं. वर्षाला थोडक्या युरोंत त्याचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या. खासगी विमा असणाऱ्याने बाहेरच्या देशात काय चालतं ते वाचून घ्यावं. आपत्कालीन नंबर सगळीकडे ११२.

आता पैसे आणि माणसं. ट्रिपा यामुळेच मोडतात, पावसाने नाही. गाव ठरवायच्या आधी रक्कम ठरवा. ग्रुपवर उघडपणे ‘किती चालेल?’ विचारलं तर ज्याला कमी परवडतं तो गप्प बसतो आणि मग ऐन वेळी अभ्यासाचं कारण सांगून येत नाही. त्याऐवजी एकाने प्रत्येकाला वेगळं विचारायचं आणि सर्वांत कमी आकडा हीच सगळ्यांची मर्यादा धरायची. कुणाचा आकडा तो कुणालाही कळू द्यायचा नाही. कुणाच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असतो, कुणी मिनी-जॉबवर महिना काढत असतो, हे मित्रांनी न सांगता समजून घ्यायचं असतं. निघण्याआधी सारखी काँट्री काढा आणि तिकीट, खोली, सामायिक जेवण त्यातून करा. कॉफी, बिअर, खरेदी ज्याची त्याने. उरलेला हिशेब स्प्लिटवाइज या खर्च वाटणीच्या ॲपवर घाला आणि मंगळवारपर्यंत मिटवा. तुमच्या बजेटात महिन्याला एक मुक्कामाची ट्रिप आणि एक-दोन जवळच्या दिवसभराच्या ट्रिपा नीट बसतात. झेक, पोलंड, हंगेरीसारख्या देशांत कार्ड मशीनने ‘युरोत भरायचे की स्थानिक चलनात’ विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा. युरो निवडलं की मशीनवाल्याचा वाईट दर लागतो.

दिवसाला दोनच गोष्टी ठरवून बघा. बाकी जे दिसेल ते. आणि रविवारी सकाळी तीन तास प्रत्येकाला मोकळे द्या. ज्याला झोपायचंय तो झोपेल, ज्याला संग्रहालय हवं तो जाईल, कुणी आईबाबांशी निवांत फोनवर बोलेल. एकत्र आलो म्हणजे अठ्ठेचाळीस तास खांद्याला खांदा लावून फिरलंच पाहिजे, या हट्टाने चांगली मैत्री ताणली जाते. हा मोकळा वेळ सुरू केल्यापासून आमच्या ग्रुपमधली रविवार दुपारची धुसफूस थांबली.

ऋतू बघून गाव निवडा. डिसेंबरमध्ये आखेनच्या आसपास साडेचारला अंधार पडतो, तेव्हा किल्ले आणि नदीकाठ नकोत. संग्रहालयं, नाताळचे बाजार आणि जवळचं गाव बरं. आयफेल या डोंगराळ भागातलं मोन्शाऊ, आखेनहून बसने, त्या दिवसांत फार देखणं असतं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा ओस्टेंडचा समुद्र, मोझेल, सायकली. १ नोव्हेंबर आणि फ्रोनलाइख्नाम या ख्रिस्ती सणाचा गुरुवार या तुमच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या सुट्ट्या नेदरलँड्समध्ये नसतात, त्यामुळे त्या दिवशी डच सीमेवरची गावं जर्मन गाड्यांनी भरून जातात. तेव्हा उलट दिशेला, मोझेलकडे निघा.

कार्डाचा प्रश्न सुटेपर्यंत पहिली ट्रिप ट्रिअरची करा. शनिवारी सकाळी सातची गाडी, वाटेत कोखेमला दोन तास, संध्याकाळी ट्रिअर, आणि तिचा व्हिसा वैध असेल तर रविवारी लक्झेंबर्ग, नसेल तर पोर्टा निग्रा आणि रोमन स्नानगृहं. पाच जणांना सहा खाटांची खोली घ्या आणि सहावी खाट रिकामी मिळते का ते हॉस्टेलला फोन करून विचारा. हिवाळ्यात बहुतेक वेळा मिळते.